दरवर्षी डीएपी, तरी त्याच पट्ट्यात पीक बसकं: स्फुरदाची गोणी, मुळातली बुरशी आणि झाडाची संप्रेरकं

जुलै सरता सरता परभणी, हिंगोली, जालना या भागातून एकसारखी तक्रार येते. "रान तेच, बियाणं तेच, पाऊस तोच. विहिरीकडचा पट्टा गुडघ्याला लागला आणि धुऱ्याकडचा तिथंच बसलाय. मागच्या साली एकरी एक गोणी डीएपी दिलं, औंदा दीड दिलं. पुढच्या साली दोन करू का?"

दोन करू नका. निदान खालच्या तपासण्या होईपर्यंत तरी नाही. दीड गोणीनं जे झालं नाही ते दोन गोण्यांनी होईल असं मानायला काही आधार लागतो. अशा रानात बहुतेक वेळा डीएपीतलं मुख्य अन्नद्रव्य, म्हणजे स्फुरद (फॉस्फरस), कमी पडलेलं नसतं. ते झाडापर्यंत पोचवणारी साखळी तुटलेली असते, आणि जादा गोणीनं ती आणखी तुटते.

ज्यांचं लक्षण पुढच्यासारखं आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. उगवण चांगली होते. पहिले वीस-पंचवीस दिवस पीक बरोबरीनं चालतं आणि मग थबकतं. पानं लहान राहतात, रंग पिवळा पडण्याऐवजी उलट गडद, निस्तेज हिरवा होतो. मका असेल तर खालच्या पानांच्या कडा जांभळ्या होतात. सोयाबीनला फांद्या कमी, हायब्रीड ज्वारीला फुटवे नाहीत, हळदीची पानं अरुंद. फुलोरा आठ-दहा दिवस मागं. आणि हे सगळं दरवर्षी त्याच जागी.

आधी दुसरे संशयित बाजूला काढा

सोयाबीन पिवळं पडलं म्हणून लोक डीएपी फेकतात, तो प्रकार वेगळा. चुनखडीच्या रानात कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ती लोहाची कमतरता. पाच-सहा झाडांवर लिटरला ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि थोडं सायट्रिक आम्ल घालून फवारा. आठवड्यात नवी पानं हिरवी झाली की विषय मिटला, पुढचं वाचायची गरज नाही. स्फुरदाची कमतरता नेहमी जुन्या, खालच्या पानांवर आधी दिसते, कारण झाड तिथलं स्फुरद काढून कोवळ्या शेंड्याला देतं. कपाशीचा लाल्या (पानं लाल पडणं) दिसला तरी लगेच स्फुरदाकडं जाऊ नका. तिथं मॅग्नेशियम, नत्र, रात्रीची थंडी अशी बरीच कारणं असतात.

दुसरं, झाड उपटू नका, कुदळीनं खणून काढा. उपटलं की बारीक मुळं मातीतच राहतात आणि नेमकी तीच बघायची असतात. मुळांवर गाठी दिसल्या तर त्या कशाच्या हे ओळखा. सोयाबीनच्या रायझोबियमच्या, म्हणजे हवेतलं नत्र धरणाऱ्या जिवाणूंच्या गाठी मुळाच्या बाजूला चिकटलेल्या असतात, नखानं सहज सुटतात, फोडल्या की आतून गुलाबी. सूत्रकृमीच्या गाठीत मूळच फुगलेलं असतं, ती सुटी होत नाही. मुळं एका खोलीवर आडवी वळली असतील तर खाली रोटाव्हेटरनं दाबलेला कडक थर आहे. मुळं काळी, कुजकी असतील तर रान चिबड आहे. या तिन्ही ठिकाणी पुढचा उपाय लागू नाही.

स्फुरद आहे, पण मिळत नाही

आपल्या काळ्या रानाचा सामू (पीएच) बहुतेक ठिकाणी ८ च्या पुढे. त्यात मोकळा चुना. डीएपीचा दाणा विरघळला की त्यातलं स्फुरद कॅल्शियमला बांधलं जातं आणि आठवड्या-आठवड्यानं जास्त घट्ट होत जातं. दिलेल्या स्फुरदापैकी पहिल्या हंगामात पिकाच्या वाट्याला साधारण १५ ते २० टक्के येतं. बाकीचं हरवत नाही, रानातच साठतं. म्हणून एखाद्या बागायती पट्ट्यात दहा-पंधरा वर्षं हळद किंवा आलं घेतलं असेल तर मातीत स्फुरदाचा मोठा साठा असतो आणि तरीही पीक उपाशी दिसतं.

त्यात स्फुरद पाण्याबरोबर नत्रासारखं वाहत येत नाही. मूळ स्वतःभोवतीचा एक-दोन मिलिमीटरचा पट्टा शोषून घेतं आणि मग तिथं रिकामं वर्तुळ राहतं. त्याच्या पलीकडं स्फुरद असलं तरी मुळाला उपयोग नाही. पलीकडं पोचते ती बुरशी. मायकोरायझा नावाच्या या बुरशीचे तंतू मुळाच्या केसापेक्षाही बारीक असतात, मुळापासून काही सेंटीमीटर लांब जातात आणि तिकडचं स्फुरद व जस्त उचलून मुळाच्या पेशीच्या आत आणून देतात. तिथं ही बुरशी झाडासारख्या फांद्या फुटलेली एक रचना करते, देवाणघेवाण तिच्यात चालते. झाड बदल्यात साखर आणि स्निग्ध पदार्थ देतं, आणि ते थोडं नसतं: पानांनी बनवलेल्या अन्नाचा ४ ते २० टक्के हिस्सा या बुरशीकडं जातो. एवढा खर्च झाड उगाच करत नाही. गरज असेल तरच करतं, आणि ती गरज ते संप्रेरकांनी (हार्मोन्सनी) मोजतं. आपल्या तक्रारीचं उत्तर बरंचसं या मोजमापात आहे.

झाडाच्या अंगात स्फुरद कमी झालं की मुळात स्ट्रायगोलॅक्टोन नावाचं संप्रेरक वाढतं. ते दोन दिशांना जातं. एक भाग वर खोडाकडं जातो आणि बगलेतल्या डोळ्यांना फुटू देत नाही. हे २००८ साली उघड झालं. म्हणजे फांद्या आणि फुटवे कमी दिसतात ते झाड अशक्त झालं म्हणून नव्हे. झाडानं ते ठरवून रोखलेले असतात, जेवढं स्फुरद आहे तेवढ्यात एक शेंडा तरी जगावा म्हणून. दुसरा भाग मुळातून बाहेर मातीत झिरपतो. मातीत पडून असलेल्या मायकोरायझाच्या तंतूंना तो मिळाला की त्यांना भराभर फांद्या फुटतात आणि ते मुळाकडं येतात. जपानी शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये हे दाखवलं. गंमत अशी की या कुळातला पहिला पदार्थ १९६६ मध्येच सापडला होता, तोही कपाशीच्या मुळांच्या स्रावात, आणि तेव्हा त्याची ओळख होती ती टारफुल्याचं (पिकाच्या मुळांवर जगणाऱ्या तणाचं) बी उगवायला लावणारा पदार्थ म्हणून. ज्वारीवरचा टारफुला हलक्या, उपाशी रानात जास्त का माजतो याचं एक कारण इथं आहे. भुकेल्या ज्वारीनं बुरशीला घातलेली हाक टारफुल्याच्या बियांनाही ऐकू जाते.

स्ट्रायगोलॅक्टोन एकटं काम करत नाही. स्फुरद कमी पडलं की सायटोकायनिन उतरतं. पानातल्या पेशींचं विभाजन त्याच्यावर चालतं, म्हणून पान लहान राहतं. जिबरेलिन उतरतं, म्हणून पेरं आखूड. मुळाकडं मात्र ऑक्झिनचा परिणाम वाढतो: बाजूची मुळं फुटतात, मुळावरचे केस लांबतात. वर बसकं दिसणारं झाड खाली मुळं वाढवण्याचा प्रयत्न करत असतं.

बुरशी मुळात नीट बसली की हे चित्र पालटतं, आणि ते फक्त स्फुरद मिळालं म्हणून नाही. अमेरिकेतल्या एका कुरणी गवतावर १९८० आणि १९८२ साली मोजमापं झाली. मायकोरायझा असलेल्या झाडांत सायटोकायनिन वाढलेलं दिसलं, पानांत जिबरेलिनसारखे पदार्थ वाढले आणि अॅबसिसिक आम्ल घटलं. म्हणजे वाढीला सैल सोडणारी संप्रेरकं वर गेली आणि आवळणारं खाली आलं.

आता यात दीड गोणी डीएपी टाका. दाण्याजवळच्या मुळांना पहिले दोन-तीन आठवडे भरपूर स्फुरद मिळतं. झाडाला वाटतं गरज नाही. स्ट्रायगोलॅक्टोन उतरतं, बुरशीला आत घेणारी जनुकं बंद होतात. भाताच्या मुळांवरच्या अलीकडच्या संशोधनात हा नियंत्रक सापडला आहे: स्फुरदाची भूक ओळखणारी जी यंत्रणा, तीच बुरशीला प्रवेश देते. मग चुनखडी आपलं काम करते, दाण्याभोवतीचं स्फुरद बांधलं जातं आणि ऐन फांद्या धरायच्या वेळी झाड उपाशी पडतं. तेव्हा ते पुन्हा हाक घालतं, पण जाळं उभं राहायला काही आठवडे जातात आणि शंभर दिवसांच्या सोयाबीनकडं तेवढा वेळ नसतो. "पंचवीस दिवस बरं होतं, मग थांबलं" या वाक्याचा मला लागतो तो अर्थ हा. त्यातून जादा स्फुरदानं जस्ताची उचलही घटते आणि जस्त आणून देणारी बुरशी तर आपणच कमी केलेली असते.

मग एकाच पट्ट्यात का?

कारण बुरशी सगळ्या रानात सारखी नसते. तिला जगायला जिवंत मूळ लागतं, ती नुसत्या शेणखतावर वाढत नाही. (उकिरड्यातल्या खतावर दिसतो तो पांढरा बुरा मायकोरायझा नव्हे. ही बुरशी डोळ्यांना दिसत नाही.) म्हणून पट्ट्याचा इतिहास विचारा.

तिथं मागच्या हंगामात कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी होती का? पालक, बीट, राजगिरा? ही पिकं मायकोरायझाला मुळात थारा देत नाहीत किंवा नावालाच देतात. त्यांच्या मागं आलेल्या पिकाला मातीत बुरशी कमी सापडते. पट्टा वर्षभर मोकळा होता का? ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या डार्लिंग डाउन्स भागात आपल्यासारखीच भारी काळी रानं आहेत. तिथले शेतकरी हैराण झाले होते की दुष्काळात वर्षभर मोकळ्या ठेवलेल्या रानात ओल जास्त, नत्र जास्त, तरी पुढचं पीक खुरटतं आणि स्फुरद-जस्ताची कमतरता दाखवतं. थॉम्पसन या संशोधकानं १९८७ मध्ये त्याचं कारण दाखवलं: मूळ नाही, म्हणून मायकोरायझा मेला. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच्या आधीच्या वर्षी आपल्याकडं किती रानं रिकामी राहिली ते आठवा. त्यातही तण उगवलेलं पडीक रान बरं. सारख्या पाळ्या घालून स्वच्छ ठेवलेलं जास्त वाईट, कारण तणाची मुळंही बुरशीला चालतात.

माती उपसून सपाटीकरण केलेला पट्टा, वरची माती गेलेला उताराचा पट्टा, पुराचं पाणी आठवडे साचलेला पट्टा यांचंही तसंच. आणि जिथं दरवर्षी खोल नांगरट आणि वर दोन वेळा रोटा होतो तिथं तंतूंचं जाळं दरवर्षी तुटतं.

आल्या-हळदीच्या पट्ट्यात आणखी एक कारण नेहमी सापडतं, आणि त्याबद्दल मला जरा चिडूनच लिहावंसं वाटतं. कंदकूज दिसली की कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी, थांबली नाही की पुन्हा आळवणी. आल्या-हळदीची कंदकूज बहुतेक वेळा पिथियममुळं होते. पिथियम ही खरी बुरशी नाही, तिच्यावर कार्बेन्डाझिमचा फारसा परिणाम होत नाही. पण मायकोरायझावर होतो. संशोधक प्रयोगात मायकोरायझा मुद्दाम मारायचा असेल तर बेनोमिल वापरत आले, आणि बेनोमिल मातीत गेल्यावर त्याचं कार्बेन्डाझिमच होतं. म्हणजे पैसे घालवून रोग ठेवला आणि सोबती मारला. पिथियमसाठी मेटॅलॅक्झिल किंवा फोसेटिल गटातली औषधं असतात, मायकोरायझाला त्यांचा त्रास त्या मानानं फार कमी. आधी कूज कशाची ते कृषी विज्ञान केंद्रात दाखवा आणि मग औषध ठरवा.

खात्री कशी करायची

माती परीक्षणासाठी चांगल्या आणि वाईट पट्ट्याचे नमुने वेगवेगळे द्या, एकत्र मिसळू नका. मिसळलेला नमुना या तक्रारीत कुचकामी. चुनखडीच्या रानाला ओल्सेन पद्धतीचा आकडा बघायचा. हेक्टरी १० किलोच्या खाली कमी, १० ते २५ मध्यम, त्याच्या वर जास्त. हे मूळ स्फुरदाचे आकडे आहेत. अहवालात आकडा खताच्या भाषेतला, म्हणजे स्फुरद पेंटॉक्साइडचा असेल तर त्याला २.२९ नं भागा. हा फरक न बघता "आमचं स्फुरद भरपूर" म्हणणारे बरेच भेटतात.

दुसरी चाचणी घरची, आणि मला विचाराल तर अहवालापेक्षा बोलकी. वाईट पट्ट्याची माती चार कुंड्यांत भरा. पहिली तशीच ठेवा. दुसरीत डीएपीचे चार-पाच दाणे मुळापाशी पुरा. तिसरीत चांगल्या पट्ट्यातली किंवा धुऱ्यावरच्या गवताखालची बारीक मुळांसकट माती मिसळा, दहा भागाला एक भाग. चौथीत तीच माती तेवढीच, पण अर्धा तास उकळून गार केलेली. चौथी कुंडी आळस करून गाळू नका. चांगल्या मातीबरोबर थोडं अन्नद्रव्यही येतंच, त्याचा परिणाम वेगळा काढायला ती लागते. चारींत तेच पीक लावा आणि पाच-सहा आठवडे थांबा. फक्त डीएपीची कुंडी वाढली तर रानाला खरंच स्फुरद हवंय. तिसरी वाढली आणि चौथी मागं राहिली तर बुरशी हवीय. डीएपीची आणि तिसरी वाढली, चौथी मागं राहिली, तर स्फुरद आणि बुरशी दोन्ही हवंय. कुठलीच वाढली नाही तर स्फुरदाचा नाद सोडा, क्षार, निचरा आणि सूत्रकृमी तपासा. कुंडीतली माती रानात फेकू नका, तिच्याबरोबर मररोगही फिरतो.

जवळ सूक्ष्मदर्शक असलेलं महाविद्यालय असेल तर मुळं कॉस्टिक पोटॅशच्या (पोटॅशियम हायड्रॉक्साइड, खताचं पोटॅश नव्हे) द्रावणात उकळून, शाई घातलेल्या व्हिनेगरमध्ये रंगवून बुरशी थेट बघता येते. मुलं हौसेनं करून देतात.

आकडा हातात आल्यावर

स्फुरद कमी निघालं तर पूर्ण शिफारस द्याच. सोयाबीनला परभणीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ३० किलो नत्र, ६० स्फुरद, ३० पालाश अशी आहे, म्हणजे एकरी साधारण एक गोणी डीएपी. मायकोरायझा स्फुरद तयार करत नाही. रानात नसेल तर तो काय आणणार? फक्त फेकून देऊ नका, तिफणीनं बियाच्या बाजूला आणि खाली पेरा. मध्यम निघालं आणि तिसरी कुंडी वाढली असेल तर स्फुरद निम्म्यावर आणा. जास्त निघालं तर त्या पट्ट्यात एक हंगाम डीएपी बंद. पण डीएपीच्या गोणीत ९ किलो नत्रही असतं, ते वेगळं द्यायला विसरू नका, साधारण २० किलो युरिया लागेल. आणि गंधक द्या, सोयाबीनला ते लागतंच. डीएपीऐवजी सिंगल सुपर फॉस्फेट वापरणाऱ्यांना गंधक आपोआप मिळतं.

बुरशी परत आणण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे योग्य पीक. ज्वारी आणि मका मुळांवर मायकोरायझा चांगला वाढवतात. कोबी-फ्लॉवर काढल्यावर लगेच आलं लावण्याऐवजी मध्ये ज्वारीचा चारा घ्या. सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी ठेवा, सोयाबीन निघाल्यावरही रानात जिवंत मूळ राहतं. नांगरट दरवर्षी न करता दोन-तीन वर्षांनी करा.

विकतचा मायकोरायझा घ्यायचा तर तो मुळाला लागला पाहिजे. वरून फवारून उपयोग नाही. ठिबकमधून सोडतानाही जपून, काही जातींचे बीजाणू १०० मायक्रॉनपेक्षा मोठे असतात आणि गाळणीतच अडकतात. रोपवाटिकेत, खड्ड्यात, बेण्याच्या खाली दिलेला सगळ्यात चांगला. मोसंबीवाल्यांनी तर रोप घेतानाच विचारावं. लिंबूवर्गीय झाडांच्या मुळांवर केस कमी असतात आणि ती या बुरशीवर फार अवलंबून असतात. अमेरिकेत धुरीनं निर्जंतुक केलेल्या रोपवाटिकांत लिंबूवर्गीय रोपं खुरटायची, आणि १९७२ मध्ये कारण सापडलं ते मायकोरायझाचा अभाव. बेणेप्रक्रियेला कार्बेन्डाझिम वापरलंच असेल तर मायकोरायझा त्याच दिवशी देऊ नका, उगवणीनंतर नवी मुळं फुटताना तीन-चार आठवड्यांनी द्या. दुकानात पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) आणि मायकोरायझा एकाच नावाखाली खपवतात. पीएसबी बांधलेला माल मोकळा करतो, मायकोरायझा तो उचलून घरात आणतो. एकाच्या जागी दुसरा चालत नाही, जोडीनं चालतात.

टॉनिकचा प्रश्न हमखास येतो. पीक बसलंय म्हणून पहिल्या महिना-दीड महिन्यात जिबरेलिक आम्ल फवारू नका. पेरं लांबतील, झाड उंच दिसेल, पण स्फुरद आहे तेवढंच. शिवाय वाटाणा, भात अशा पिकांवरच्या प्रयोगांत बाहेरून दिलेल्या जिबरेलिननं मुळातली ती फांद्यांची रचना बनायचीच कमी झाली. झाडानं जिबरेलिन खाली आणलं होतं ते बुरशीला आत घेण्यासाठीही. मोसंबीत फळगळीसाठी शिफारशीनं केलेली फवारणी हा वेगळा विषय, तो चालू ठेवा.

गव्हाच्या रानात यातलं फार काही दिसलं नाही तर नवल नाही, गहू या बुरशीवर कमी विसंबतो. तूर, जवस, कांदा, मिरची, आलं, हळद आणि मोसंबी जास्त. पट्टा सुधारला की नाही हे बघायचं तर यांच्यापैकीच एखादं पीक तिथं घ्या, धुऱ्याकडच्या चार ओळी डीएपीशिवाय सोडा आणि चाळिसाव्या दिवशी दोन्हीकडची मुळं खणून शेजारी ठेवा.